शेवाळ, फॉस्फेट आणि माझा शून्याचा हट्ट

आमच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, म्हणजे घरच्या टाकीत, शेवाळ एका दिवसात आलं नाही, मला मात्र ते एका दिवसात दिसलं. आठवडाभर बाहेर राहून परत आले, दिवा लावला, तर मधल्या मोठ्या खडकाला केस फुटलेले. बोटाच्या पेराएवढे लांब, हिरवेगार, पंपाच्या झोतात एका लयीत डुलणारे. लेक काचेला नाक लावून म्हणाली, "आई, किती छान दिसतंय!" खरं सांगते, मलाही छानच वाटलं. पुढे सात महिने काय वाढून ठेवलंय हे कळलं असतं तर तो खडक मी त्याच संध्याकाळी बाहेर काढला असता.

टाकी तशी साधीच. तीन फूट लांब, काठोकाठ भरली तर २०० लिटर. खडक आणि वाळू वजा जाता पाणी १८० लिटरच्या आसपास. खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), तापमान २६ अंश. दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, आणि लेकीचा लाडका लॉनमोअर ब्लेनी. हा मासा दिवसभर खडक आणि काच चाटत फिरतो, म्हणून तिने त्याचं नाव बकासुर ठेवलेलं. कोरलमध्ये, म्हणजे प्रवाळांत, झोअँथिड जातीचे दोन-तीन झुपके, थोडे मशरूम जातीचे आणि एक हॅमर, ज्याच्यावर माझा जीव. टाकी सुरू करून आठ महिने झाले होते. नव्या टाकीत येतात तसे तपकिरी डायटम, म्हणजे एकपेशीय शैवाल, येऊन गेले होते, त्यामुळे आपण आता या विषयात जुन्याजाणत्या झालो असा माझा समज झाला होता.

पहिला प्रश्न, हे नेमकं आहे काय? एक झुपका उपटून पाण्यासकट पांढऱ्या बशीत ठेवला आणि भिंगातून पाहिला. हे करायला दोन मिनिटं लागतात, पण बरेच जण करत नाहीत आणि भलत्याच रोगावर भलतं औषध घालतात. मला भीती होती ब्रायॉप्सिस या शेवाळाची. त्याच्या प्रत्येक काडीला पिसासारखे दोन्ही बाजूंनी तंतू असतात आणि ते भलतं चिवट असतं. त्यावर बहुतेक जण शेवटी फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषध वापरतात. माझ्या बशीत पिसं नव्हती. नुसते सरळ, मऊ, एकमेकांत गुंतलेले धागे. साधं हेअर अल्गी. हुश्श म्हटलं.

मग शेवाळाचं खाद्य किती आहे ते पाहायला पाणी तपासलं. नायट्रेट जेमतेम २ पीपीएम (दहा लाखांत दोन भाग). फॉस्फेट ०.००. पुन्हा केलं, पुन्हा ०.००. नवा किट आणला, तरी तेच. ओळखीचे एक काका आहेत, वीसेक वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारे. त्यांना फोन लावला.

"काका, फॉस्फेट शून्य येतंय. मग हे वाढतंय कशावर?"

"अगं, तू मोजतेस ते पाण्यातलं उरलेलं. शेवाळाच्या पोटात गेलं ते तुझ्या बाटलीत कसं दिसणार?"

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं, मान डोलावली, आणि त्यातलं अर्धंच समजून घेतलं. समजलं ते इतकंच की फॉस्फेट कुठूनतरी येतंय आणि शेवाळ ते आल्या आल्या गिळतंय. म्हणजे येण्याची वाट शोधायची.

पहिली वाट सापडली ती लाजिरवाणी होती. मी आर.ओ. गाळणी आणि त्यापुढे उरलेले क्षार काढणारं डी.आय. रेझिन लावून शुद्ध पाणी तयार करते. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टी.डी.एस. मीटरवर ते ० यायला हवं. मीटर खणात होता, कित्येक आठवडे न वापरलेला. लावला तर १४. रेझिन केव्हाच संपलेलं, आणि मी रोज बाष्पीभवनाची तूट त्याच पाण्याने भरून काढत होते. पाणी उडून जातं, त्यातलं बाकीचं मागे राहतं. म्हणजे रोज थोडं थोडं साठतच गेलं. रेझिन थकलं की सिलिका आधी निसटते, आणि मीटरला ती नीट दिसतही नाही, हेही तेव्हाच कळलं. आता मीटरवर १ दिसला की रेझिन बदलते.

दुसरी वाट म्हणजे खाणं. गोठवलेल्या आर्टेमियाचा (कोळंबीसारख्या बारीक जीवांचा) तुकडा मी तसाच टाकीत सोडायचे. तो विरघळल्यावर सुटणारं पाणी गाळणीतून टाकून दिलं तर थोडा फरक पडतो, म्हणून ते सुरू केलं. फार मोठा फरक पडला असं मात्र मी म्हणणार नाही.

खरा चोर होता खडक. टाकी सुरू करताना मी कोणाच्यातरी मोडलेल्या जुन्या टाकीतला वाळवलेला खडक घेतला होता. कॅल्शियम कार्बोनेटचा खडक फॉस्फेट धरून ठेवतो. पाण्यात जास्त असेल तेव्हा शोषतो, कमी झालं की सोडतो. जुन्या मालकाने वर्षानुवर्षं माशांना जे खायला घातलं त्याचा एक वाटा माझ्या घरी आला होता. नुसता संशय नको म्हणून एक प्रयोग केला. त्याच खडकाचा नारळाएवढा एक तुकडा वापरायचा राहिला होता. बादलीत दहा लिटर ताजं मीठपाणी केलं, त्याचं फॉस्फेट मोजलं, ०.००. त्यात तो तुकडा आणि एक छोटा पंप टाकून बादली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवली. पाच दिवसांनी मोजलं तर ०.३८. उजेड नाही, शेवाळ नाही, मासे नाहीत, तरी ०.३८! इतका आनंद मला कुठल्याही परीक्षेच्या निकालाने झाला नव्हता. चोर सापडला होता. तो घराचा पाया होऊन बसला होता, ही गोष्ट वेगळी.

मग सुरू झाली ती रविवारची धुलाई. पाणी बदलताना काढलेलं टाकीचंच पाणी बादलीत घ्यायचं, एकेक खडक उचलून त्यात धरायचा आणि कडक ब्रशने घासायचा. शेवाळ वरून उपटलं तर तुटतं आणि मुळाशी राहिलेलं चार दिवसांत पुन्हा उभं राहतं. त्यामुळे खडकाच्या प्रत्येक भोकात ब्रशचं टोक घालून, गोल फिरवून, ते बुडापासून खरवडायचं. हात गार पडतात, नखांत हिरवं अडकतं, आणि वास येतो तो ओहोटीला उघड्या पडलेल्या दगडांचा. बादलीतलं पाणी पालकाच्या रशासारखं होतं. आणि मग त्या रशात हालचाल दिसते. पहिल्याच रविवारी लेक चमचा घेऊन शेजारी बसली होती. तिने बादलीतून तांदळाच्या दाण्याएवढे अँफिपॉड, बारीक पांढरे ठिपके झालेले कोपेपॉड आणि पाच पायांचे, नखावर मावतील असे ब्रिटल स्टार वेचून पुन्हा टाकीत सोडले. चाळीसपर्यंत मोजले, मग कंटाळली. ज्याला मी घाण म्हणत होते ते या सगळ्यांचं जंगल होतं.

एक सावधगिरी इथेच सांगते, कारण ती खरंच महत्त्वाची आहे. झोअँथिड असलेला खडक घासताना हातमोजे आणि चष्मा घालायचाच, आणि खडकावर कधीही उकळतं पाणी ओतायचं नाही. काही झोअँथिडांत पॅलिटॉक्सिन असतं, अतिशय जहाल विष, आणि ते वाफेबरोबर किंवा तुषारांबरोबर श्वासात गेलं तर गाठ दवाखान्याशी असते.

पाच रविवार मी हे केलं. शेवाळ कमी व्हायचं, पुन्हा यायचं. दिव्याचे तास दहावरून सातवर आणले. सहा टर्बो गोगलगाई सोडल्या. त्या खातात भरपूर, पण रणगाड्यासारख्या चालतात. खडकावर बसवलेले कोरलचे तुकडे ढकलून खाली पाडणं हा त्यांचा छंद. एक तर वाळूवर उताणी पडली आणि तिला सरळ होता आलं नाही. सकाळी दिसली तेव्हा उशीर झाला होता. त्यानंतर ट्रोकस जातीच्या आणल्या, त्या उताण्या पडल्या तरी आपल्या आपण सरळ होऊ शकतात.

आणि मग माझा धीर सुटला.

गंजाच्या रंगाचे बारीक दाणे मिळतात, फेरिक ऑक्साइडचे. त्यांना सगळे जीएफओ म्हणतात. एका नळीत भरून त्यातून पाणी फिरवलं की फॉस्फेट त्यांना चिकटतं. डब्यावर लिहिलेलं असतं, आधी निम्म्या प्रमाणाने सुरू करा. मी दुप्पट घातलं. खडक सोडतोय ना, मग त्याने सोडल्याक्षणी ओढून घ्यायचं, असा माझा हिशेब. जोडीला दर चार दिवसांनी चौथा हिस्सा पाणी बदलणं आणि माशांना एक दिवसाआड खाणं.

तीन आठवड्यांत शेवाळ फिकट पडलं, मग राखाडी, आणि एका सकाळी पंपाच्या झोताने त्याचे पुंजके आपोआप सुटून वर तरंगले. मी फोटो काढून काकांना पाठवले. फॉस्फेट ०.००, नायट्रेट ०. या वेळी शेवाळ नसतानाही शून्य! खडक स्वच्छ, पांढरा. फार पांढरा. हॅमरचे टेंभे, म्हणजे त्याचे मऊ हात, अर्धवट आत गेलेले होते, पण मी ठरवलं की त्याला बदल सोसवायला वेळ लागत असेल. बकासुर काचेवरून काचेवर फिरत होता आणि त्याचं पोट आत गेलेलं होतं. लेकीने दोनदा सांगितलं, "आई, हा बारीक झालाय." मी म्हटलं, घासायला कमी काम उरलंय त्याला.

दहा-बारा दिवसांनी वाळूवर एक तपकिरी थर दिसला. मला वाटलं डायटम. दुपारपर्यंत त्याला दोरे फुटले, नाकातून लोंबावं तसे, आणि प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. रात्री दिवे गेल्यावर सगळं गायब. सकाळी वाळू स्वच्छ, दुपारी पुन्हा शेंबूड. चार दिवसांत तीन गोगलगाई काचेवरून गळून पडल्या.

"काका, शेवाळ गेलं. आता शेंबूड आलाय."

"फॉस्फेट किती?"

"शून्य."

"नायट्रेट?"

"तेही शून्य."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "खायला घाल."

"माशांना?"

"टाकीला."

हे होते डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो, म्हणजे एक प्रकारचे एकपेशीय जीव. काकांनी सांगितलेली घरगुती चाचणी केली. दोऱ्यांचं थोडं पाणी बाटलीत घेऊन जोरात हलवलं, टिश्यू पेपरमधून गाळलं आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवलं. तासाभरात त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यात पुन्हा दोरे जमले. डायटम असं करत नाहीत. मग लेकीचा मायक्रोस्कोप काढला, ४०० पटींवर नेला, आणि जे दिसलं ते मी विसरणार नाही. लिंबाच्या बियांसारखे तपकिरी दाणे, एका बाजूला निमुळते, आणि त्या निमुळत्या टोकाशी जणू खुंटीला बांधलेले. प्रत्येकजण आपापल्या खुंटीभोवती गरगर फिरतोय. शेकडोंनी. ही ऑस्ट्रिऑप्सिस, डायनोंचाच एक प्रकार. सगळे डायनो असे फिरत नाहीत; अँफिडिनियम असतं तर ते वाळूच्या कणांवरून सरपटताना दिसलं असतं. हा फरक मला नंतर फार उपयोगी पडला.

काकांच्या पहिल्या फोनमधलं उरलेलं अर्धं वाक्य मला त्या संध्याकाळी कळलं. पाण्यातला आकडा म्हणजे उत्पन्न नव्हे, शिल्लक. शेवाळ होतं तेव्हाचं शून्य आणि जीएफओ घातल्यानंतरचं शून्य ही दोन वेगळी शून्यं होती. पहिल्यात टाकी भरपेट होती, दुसऱ्यात उपाशी. उपाशी टाकीत आधी मरतात ते साधे, निरुपद्रवी जीव: काचेवरचा पातळ हिरवा थर, खडकावरचे जिवाणू, बारीक शेवाळं. ऑस्ट्रिऑप्सिससारखे डायनो मात्र उजेडावर जगतात आणि वेळ पडली तर दुसऱ्या सूक्ष्म जीवांनाही खातात. सगळ्या जागा मी स्वतःच्या हाताने रिकाम्या करून दिल्या होत्या. शिवाय ते विषारी, म्हणून त्यांना खाणाऱ्या गोगलगाई गेल्या.

जीएफओ त्याच रात्री काढलं. पाणी बदलणं थांबवलं, कारण प्रत्येक बदलानंतर दोरे जास्त व्हायचे. मग सुरू झालं ते, ज्यावर घरात कोणाचा विश्वास बसेना: इतके महिने जे बाहेर काढत होते तेच मापाने आत घालणं. प्रमाण किती क्षुल्लक असतं पाहा. १८० लिटरमध्ये फॉस्फेट ०.०५ पीपीएमने वाढवायचं तर ते लागतं फक्त ९ मिलिग्रॅम. नायट्रेट ५ ने वाढवायचं तर ९०० मिलिग्रॅम, म्हणजे सोडियम नायट्रेट साधारण सव्वा ग्रॅम. नायट्रेट लगेच वर आलं आणि टिकलं. फॉस्फेट घातलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य! उपाशी खडक आता ते पिऊन टाकत होता. जो खडक मला फॉस्फेट देऊन छळत होता तोच आता हात पसरून बसला होता. अकरा दिवस रोज घातल्यावर पहिल्यांदा ०.०३ दिसलं.

या काळात कोणीतरी प्रमाणाचा मुद्दा काढला. आल्फ्रेड रेडफिल्ड या समुद्रशास्त्रज्ञाने समुद्रातल्या प्लवकांबद्दल (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांबद्दल) जे मांडलं, नायट्रोजन आणि फॉस्फरस १६ ला १, ते अनेक जण टाकीची पाककृती समजतात. मीही दोन दिवस वहीत भागाकार केले. माझं मत विचाराल तर ते सोडून द्या. दोन्ही शून्याच्या वर आहेत ना आणि रोज सारखी आहेत ना, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

तीन दिवस टाकी काळ्या कापडात गुंडाळून पूर्ण अंधार केला. उघडली तेव्हा सगळं लख्ख, आणि चौथ्या दिवशी दोरे परत. खरी मदत झाली ती यूव्ही दिव्याची; त्याजवळून जाणाऱ्या पाण्यातले सूक्ष्म जीव मरतात. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगते, सकाळी वाळू स्वच्छ दिसायची ती त्यामुळेच. म्हणून यूव्हीचा पंप खालच्या संपमध्ये, म्हणजे जोडटाकीत, न लावता थेट मुख्य टाकीत लावला, पाण्याचा वेग कमी ठेवला, आणि रात्रभर चालू. अँफिडिनियम वाळूतच राहतं, त्यावर हा उपाय जवळपास वाया गेला असता. मायक्रोस्कोपचे पैसे इथे वसूल झाले. विष शोषून घ्यायला सक्रिय कार्बन घातला, तो दर आठवड्याला बदलला. नवे कोपेपॉडही सोडले.

पाचव्या आठवड्यात दोरे फक्त एका कोपऱ्यात उरले. सहाव्यात मायक्रोस्कोपखाली एकच बी सापडली, तीही न फिरणारी. हॅमरने त्याच सुमारास टेंभे पूर्ण बाहेर काढले. त्याची एक फांदी मात्र मेली. तिचा पांढरा सांगाडा अजून तसाच आहे, मी तो काढलेला नाही.

मग, अर्थातच, खडकाला पुन्हा केस फुटले. या वेळी मी लेकीला हाक मारून दाखवले आणि दोघी हसलो. पण या वेळी ते एकटे नव्हते. खडकावर जांभळा कोरलाइन, म्हणजे दगडासारख्या कडक शेवाळाचा थर, चढायला लागला होता, काचेवर तपकिरी-हिरवा थर धरत होता. मी एक टक्सिडो सी-अर्चिन, म्हणजे गोल काटेरी समुद्री जीव, आणला. हा जिथून जातो तिथे खडक पांढरा खरवडून जातो, आणि अंगावर सापडेल ते मिरवतो. सध्या त्याने डोक्यावर झोअँथिडचा एक तुकडा आणि एका गोगलगाईचा शंख घेतलाय. संपमध्ये चेटोमॉर्फा या शेवाळाचा गोळा ठेवला, मुख्य टाकीतले दिवे गेले की त्याचा दिवा लागतो. वाढायचंच असेल तर शेवाळाने तिथे वाढावं. दोन आठवड्यांनी मूठभर तोडून फेकते, त्याबरोबर फॉस्फेटही जातं. जीएफओ अजून आहे, चमचाभर, तेही ०.१ ओलांडलं तरच.

आज सकाळी फॉस्फेट ०.०७, नायट्रेट ८. परतीच्या नळीच्या तोंडाशी हिरवा झुपका आहे, तो अर्चिनला पोचत नाही, मी रविवारी काढेन किंवा नाही. मागची काच मी आता घासत नाही. ती बकासुराला दिली आहे. त्याचं पोट पुन्हा गोल झालंय आणि काचेवरच्या थरात त्याच्या ओठांचे ठसे उमटलेत, एकाला एक लागून, वरपासून खालपर्यंत. लेक रोज शाळेतून आली की नवे किती ते मोजते.